हमरस्ता सोडून दुसऱ्या गल्लीत

(मोठ्या शहरातला रहदारीचा चौक. दुकानं नुकतीच उघडताहेत.)

चौकातलं दुकान येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं, म्हणूनच तिथलं भाडं सर्वांत जास्त असतं. तिथे टिकायचं तर माल भराभर खपायला हवा. घड्याळ दुरुस्त करणारा, पेनाला निब जुळवून देणारा, नुसती बटणं विकणारा, यांचं गिऱ्हाईक मात्र शोधत येतं. त्यांना चौक लागत नाही, आतला स्वस्त गाळा पुरतो. शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये हे नेमकेपणाने मांडलं होतं. नव्या इमारतीच्या भाड्यातून बांधकामाचा खर्च वसूल करावा लागतो, म्हणून छोट्या धंद्यांना जुन्या इमारतीच परवडतात. तेव्हा अशी दुकानं शोधायला निघालात तर आधी नकाशावर जुनी, दाटीची वस्ती शोधा आणि हमरस्त्याला समांतर अशी दुसरी किंवा तिसरी गल्ली धरा.

एका फेरीला अर्धा किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा पुष्कळ झाला. त्याहून मोठा घेतला तर पाय चालत राहतात, पण नजर थकलेली असते.

(गल्ली. एकाला एक लागून गाळे.)

ताशी ५ किलोमीटरच्या चालीने माणूस सेकंदाला १.४ मीटर पुढे सरकतो. ४ मीटर रुंदीचा गाळा पुरते तीन सेकंदही समोर राहत नाही. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांच्या मते चालायला चांगल्या रस्त्यावर १०० मीटरमध्ये १५ ते २० दारं असावीत. असा रस्ता लागला की चाल निम्मी करा आणि तो दोनदा चाला, जाताना या कडेने, येताना त्या कडेने. आपण ज्या कडेने चालतो तिथल्या काचेमागचा माल दिसतो, पण पाटी डोक्यावर राहते. पाट्या दिसतात त्या समोरच्या कडेच्या, आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्याही. जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या हातभर पाट्या तर जरूर वाचा. वर्षानुवर्षं एकच काम करणारे कितीतरी कारागीर त्या जिन्याच्या वरच असतात.

वेळही बघून जा. उघडल्या उघडल्या झाडलोट आणि मांडामांड चालू असते, बंद होताना हिशेब. मधल्या निवांत वेळी दुकानदार बोलतो. त्या भागाची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्या, नाहीतर अख्खी गल्ली शटर ओढलेली सापडेल.

एकाच धंद्याची दहा दुकानं शेजारीशेजारी दिसली तर पहिल्याच दुकानावरून परत फिरू नका. ती एकमेकांच्या आधाराने उभी असतात. माल कुठे मिळतो हे गिऱ्हाइकाला पाठ असतं आणि नसलेला सुटा भाग शेजारून पाच मिनिटांत आणता येतो. म्हणूनच इथे विचारायचं ते दुकानदारालाच. ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘या घड्याळाचा पट्टा १८ मिलिमीटरचा आहे, असा कुठे मिळेल?’ असं विचारलं की नेमका गाळा कळतो. शक्यतो वस्तूच हातात न्या. फोटोत माप कळत नाही.

(बटणांचं दुकान. भिंतभर खोकी, प्रत्येक खोक्याच्या तोंडावर आतल्या बटणाचा नमुना शिवलेला.)

माप किती महत्त्वाचं असतं ते इथे बघा. बटण ‘लाइन’मध्ये मोजतात. ४० लाइन म्हणजे १ इंच. शर्टाला सर्रास लागणारं १८ लाइनचं बटण साधारण ११.४ मिलिमीटरचं, कोटाला पुढे लागणारं ३२ लाइनचं जवळपास २० मिलिमीटरचं. १८ आणि २० लाइनमधला फरक सव्वा मिलिमीटरचा. तो डोळ्याला कळत नाही, काजाला कळतो. मोठं बटण अडतं, छोटं सुटून येतं. मग भोकं दोन की चार, की मागे कडी, हे बघायचं. कापड जाड असेल तर कडीचं बटण बरं, कारण कडीमुळे काजाच्या जाडीला जागा मिळते. रंग मात्र दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. दिव्याखाली हुबेहूब जुळणारे दोन निळे उन्हात वेगळे दिसू शकतात. बटण आणि कापड घेऊन दाराशी या, उजेडात धरा, मग पैसे द्या.

कॅमेरा काढण्याआधी विचारा, आणि कारागिराचे हात कामात असतील तर थांबा. उघड्या घड्याळावर वाकलेल्या माणसाला दचकवलं तर मोहरीएवढा स्क्रू उडतो आणि कारागिराचा तासभर तो शोधण्यात जातो.

(गल्लीच्या तोंडाशी.)

सापडलेलं दुकान पुन्हा सापडायला हवं. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण ५ मीटरपर्यंतच अचूक असतो. उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहांच्या लहरी भिंतींवर आपटून येतात आणि चूक आणखी वाढते. गाळा ४ मीटरचा, म्हणजे नकाशावरची खूण सहज शेजारच्या दारावर पडते, कधी मागच्या गल्लीतही. म्हणून तीन फोटो काढून ठेवा. दुकानाची पाटी, शेजारच्या दोन दारांसकट. समोरच्या कडेला काय आहे ते. आणि हमरस्त्यावरून गल्लीचं तोंड कसं दिसतं ते. त्याखाली दुकान उघडण्याची वेळ, सुट्टीचा वार, आणि जिना असेल तर कितवा मजला, एवढं लिहा.