साल फेकू नका

नमस्कार मंडळी.

अंबाबाईचं दर्शन इथे बसलेल्या बहुतेकांनी असंख्य वेळा घेतलं असेल. मूर्तीचे चार हात आठवून बघा. वरच्या दोन हातांत गदा आणि ढाल, खालच्या डाव्या हातात पानपात्र. आणि खालच्या उजव्या हातात? फळ आहे. म्हाळुंग, लिंबाच्याच कुळातलं. साडी आणि दागिन्यांत ते झाकलं जातं, म्हणून कोल्हापुरात जन्म काढलेल्यालाही पटकन आठवत नाही. मलाही ते आठवलं ते फार लांब, इटलीत, समुद्रावरच्या एका उतारावर लिंबांच्या मांडवाखाली उभी असताना. त्या वाटेबद्दलच आज बोलायचं आहे.

वाट तशी छोटीच. नेपल्सच्या दक्षिणेला अमाल्फीचा किनारा आहे. १९९७ साली युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला. तिथे मायोरी आणि मिनोरी अशी शेजारशेजारची दोन गावं आहेत, आणि त्यांच्या मधल्या डोंगराच्या खांद्यावरून एक पायवाट जाते. तिला म्हणतात 'सेंतिएरो देई लिमोनी', लिंबांची वाट. अडीच किलोमीटरच्या आसपास लांबी, चारशेच्या घरात पायऱ्या, मधे तोर्रे नावाची एक वाडी. जोतिबाच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला यात दम लागण्यासारखं काही नाही. थेट चाललं तर तास-सव्वा तासात संपते. आम्हाला निम्मा दिवस लागला, कारण आमच्या गाइड बाई आम्हाला दर वळणावर थांबवून काहीतरी खायला घालत होत्या.

खाली समुद्राला लागून आज जो मोटाररस्ता आहे, तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पुरा झाला. त्याआधी या गावांना एकमेकांकडे जायचं म्हणजे एक तर होडी, नाहीतर ही पायरीची वाट. आपल्याकडे घाटरस्ते होण्याआधी कोकणात उतरायच्या जशा पाऊलवाटा होत्या तशीच ही. फरक इतकाच, की आपल्या बऱ्याच वाटांवर आता कारवी माजली आहे आणि त्यांची वाट अजून पायाखाली आहे.

मायोरीच्या मोठ्या देवळामागून पायऱ्या सुरू होतात. थोडं चढलं की डाव्या हाताला निळा समुद्र आणि उजव्या हाताला भिंत. भिंतीवर माती, मातीत लिंबं, त्याच्यावर परत भिंत. असं वर नजर पोचेल तिथपर्यंत. लिंबं म्हणजे आपल्या बागेतल्यासारखी सुटी झुडपं नव्हेत. चेस्टनटच्या लाकडाच्या खांबांचा मांडव घालतात, आपण द्राक्षांना घालतो तसा, आणि फांद्या त्यावर वाळुंजाच्या ओल्या काड्यांनी बांधतात. थंडीत, गारांच्या दिवसांत वरून झाकतात. पूर्वी त्यासाठी डहाळ्यांचे ताटवे असत, आता बहुतेक ठिकाणी काळी जाळी आहे. खांबांचं लाकूड वरच्या डोंगरातल्या चेस्टनटच्या रानातून येतं. म्हणजे वरचं रान, मधली बाग आणि खालचं बंदर एकाच दोरीत ओवलेलं. माझी सगळी नोकरी वनस्पतीशास्त्र शिकवण्यात गेली, पण एक पीक अख्ख्या डोंगराला असं बांधून ठेवतं हे मी तिथेच पहिल्यांदा इतकं स्पष्ट पाहिलं.

त्या लिंबाचं नाव 'स्फुसातो अमाल्फितानो'. 'फुसो' म्हणजे सूत कातायची टकळी. सूत भरलेल्या टकळीसारखं मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं, आणि आकाराने आपल्या लिंबाच्या तीन-चार पट सहज. फिकट पिवळी जाड साल, बिया अगदी कमी. २००१ सालापासून या लिंबाला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे, आपल्या गुळाला आणि चपलेला आहे तसं.

पहिल्याच बागेत गाइड बाईंनी एक लिंबू तोडलं आणि चकत्या केल्या. सालीसकट. एकीवर साखर भुरभुरली आणि माझ्या हातात ठेवली. मी सवयीने साल बाजूला काढायला लागले, तर त्यांनी माझा हातच धरला. साल फेकू नका, तेच खायचं असतं, असं त्यांनी सांगितलं. आणि खरंच, पिवळ्या सालीच्या आत बोटभर जाडीचा जो पांढरा गर असतो तो कडू नव्हता. काकडीसारखा करकरीत, किंचित गोडसर. रस सगळ्यात शेवटी आला, आणि तोही दात आंबवणारा नव्हे.

आपण लिंबू म्हणजे रस समजतो. पांढऱ्या रश्श्यावर पिळलं, मिसळीवर पिळलं, की फोड ताटाच्या कडेला. साल आपल्याला फक्त लोणच्यात आठवते. तिथे उलट आहे. साल म्हणजे लिंबू, रस हा वरकड. लिमोनचेल्लो नावाचं त्यांचं गोड मद्य निव्वळ पिवळ्या सालीचं असतं. साल शुद्ध अल्कोहोलमध्ये भिजत घालतात, सालीतलं तेल त्यात उतरलं की साखरेचा पाक मिसळतात, आणि बर्फासारखं गार करून इवल्याशा पेल्यात देतात. पुढच्या थांब्यावर लिंबाच्या चकत्यांची कोशिंबीर होती: मीठ, पुदिना, ऑलिव्हचं तेल, वरून तिखटाची चिमूट. डोळे मिटून खाल्ली असती तर हे आपल्याच कुणाच्या घरातलं आहे असं वाटलं असतं. तिसरीकडे लिंबाच्या दोन पानांत चीजचा तुकडा ठेवून निखाऱ्यावर भाजला. पान खायचं नाही, वास घ्यायचा. हळदीच्या पानातल्या पातोळ्या ज्यांनी खाल्ल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्या पांढऱ्या गराची चव घेताना मला म्हाळुंग आठवलं. कारण म्हाळुंगात दुसरं असतंच काय? जाड पांढरा गर आणि मधे नावापुरता रस. ही ओढूनताणून आणलेली आठवण नाही. हे लिंबू म्हाळुंगाचं लेकरू आहे. आंबट संत्र्याच्या फुलावर म्हाळुंगाचा पराग पडला आणि पिवळं लिंबू जन्मलं, असं वनस्पतींच्या जनुकांचा अभ्यास सांगतो. आपलं कागदी लिंबूही म्हाळुंगाच्याच परागातून आलं, फक्त त्याची आई वेगळी, पूर्वेकडच्या बेटांवरची एक रानटी जात. म्हणजे ते पिवळं लिंबू आणि आपलं कागदी ही एका बापाची सावत्र भावंडं. आणि बापाचं मूळ घर हिमालयाच्या पायथ्याशी, ईशान्य भारताच्या बाजूला. तिथून म्हाळुंग इराणमार्गे भूमध्य समुद्रापर्यंत गेलं, लिंबू मागाहून गेलं, अरब व्यापाऱ्यांनी ते पसरवलं. इटालियन 'लिमोने' हा शब्द अरबी 'लैमून'वरून आला आहे, आणि आपलं 'लिंबू' त्या शब्दाच्या किती जवळ आहे ते कानाला कळतंच. आपल्या देवीच्या हातातल्या फळाचा वंश त्या उतारावर मांडव भरून लटकत होता. मला तिथे जरा वेळ बोलता आलं नाही.

या दोन भावंडांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लांबच्या सफरीवर खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्या सुजून रक्त यायचं, जुन्या जखमा परत उघडायच्या, माणसं मरायची. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरने बारा आजारी खलाशी निवडले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्यांना संत्री आणि लिंबू मिळालं ते दोघं सगळ्यात लवकर सुधारले. तरीही नौदलाने लिंबाचा रस रोजच्या शिध्यात घ्यायला १७९५ साल उजाडलं. मग भूमध्य समुद्राकाठच्या लिंबांना मोठी मागणी आली. पुढे त्याच नौदलाने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या वसाहतींतलं कागदी लिंबू घ्यायला सुरुवात केली. लिंबू ते लिंबू, असं समजून. पण त्या रसात क जीवनसत्त्व कमी, आणि तो साठवण्याच्या पद्धतीत उरलंसुरलंही जात होतं. १८७५-७६ च्या उत्तर ध्रुवाकडच्या ब्रिटिश मोहिमेत स्कर्व्ही परत आला. जातीचं नाव नीट न घेण्याची ही किंमत. मी वर्गात मुलांना झाडाचं शास्त्रीय नाव घोकायला लावायचे, त्याचं कारण हेच.

तर अमाल्फीच्या उतारावरची लिंबंही गलबतांनी लांब जायची. पण बागेतून गलबतापर्यंत कोण नेणार? या पायऱ्यांवर बैलगाडी चालत नाही. ती बायका न्यायच्या. त्यांना तिथे 'फोर्मिकेल्ले' म्हणत, म्हणजे चिमुकल्या मुंग्या. पाठीवर-खांद्यावर पन्नास-पन्नास किलोंच्या टोपल्या, शेकडो पायऱ्या खाली, आणि परत वर. दिवसातून किती खेपा, त्याला हिशेब नाही. गाइड बाईंनी हे सांगितलं तेव्हा आमच्यातली काही मंडळी मुंग्यांच्या त्या गोड नावावर हसली. मला हसू आलं नाही. आपल्याकडे गळीत हंगामात डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई मी दरवर्षी बघते. फोर्मिकेल्लेची आठवण आज त्या वाटेवर आदराने सांगितली जाते. आपल्या बाईची अजून मजुरीच नीट मोजली जात नाही.

आता भिंतींकडे येते. त्यांच्यासाठीच मी हे व्याख्यान द्यायला तयार झाले.

त्या भिंतींना तिथे 'माचेरे' म्हणतात. दगडावर दगड, चुना नाही, सिमेंट नाही. आजरा-चंदगडकडच्या माणसाला सांगायचं तर गडगा. तिकडे आपणही असेच रचतो. मला आधी वाटलं होतं, गरिबीमुळे चुना वापरला नसेल. तसं नाही. पाऊस पडला की उतारावरच्या मातीत पाणी मुरतं आणि भिंतीला आतून रेटा देतं. भिंत चुन्याने लिंपली तर पाण्याला वाट नाही, रेटा वाढत जातो, आणि एक दिवस भिंत पोट फुगून फुटते. सुक्या गडग्यात दगडांच्या फटींतून पाणी झिरपून जातं. मागे बारीक दगडांची भर असते, ती माती धरून ठेवते आणि पाणी सोडते. कोणता दगड कुठे, कोणतं तोंड बाहेर, भिंत आत किती कलती, हे सगळं हाताला माहीत असावं लागतं. २०१८ साली युनेस्कोने सुक्या दगडी बांधकामाची ही विद्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, इटलीसह आठ देशांच्या नावावर.

पण विद्या यादीत गेली म्हणून हातात उरते असं नाही. एक दगड ढळला आणि तो त्याच वर्षी बसवला नाही, तर पुढच्या पावसात त्या जागी घळ पडते. वरची ताल, म्हणजे बांध घालून धरलेली मातीची पायरी, खालच्या तालीवर येते. या बागांत यंत्र जात नाही, सगळं हाताने आणि पाठीने. लिंबाला भाव नाही म्हणून मुलं शहरात गेली की बाग सुटते, बाग सुटली की भिंत सुटते, आणि भिंत सुटली की डोंगर सुटतो. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये याच भागात एका रात्रीच्या पावसाने तीनशेहून अधिक माणसं नेली, त्यात मायोरीही होतं. तो पाऊसच भयंकर होता. पण अशा पावसाच्या प्रदेशात सुटलेला डोंगर म्हणजे काय, हे माळीणनंतर आपल्याला कुणी समजावायला नको.

आणि इथे त्या चकत्यांचं, कोशिंबिरीचं, पानातल्या चीजचं महत्त्व आहे. आम्ही गाइडचे पैसे दिले, चाखण्याचे वेगळे दिले. पहिल्या बागेच्या शेतकऱ्याने मला सांगितलं, की बाजारात लिंबू विकून त्याच्या गवंड्याची मजुरी निघत नाही, वाटेवर आलेल्या माणसाला खायला घालून निघते. त्या वर्षी पडलेला भिंतीचा तुकडा त्याने दाखवला. नवे दगड पांढरे दिसत होते. मी ज्या चकतीवर साखर घालून खाल्ली, तिचा एक वाटा त्या पांढऱ्या दगडांत होता.

वाट मिनोरीत सांता त्रोफिमेनाच्या देवळाशी उतरते. गावात पहिल्या शतकातल्या रोमन वाड्याचे अवशेष आहेत, ते पाहिले. 'देलित्सिया अल लिमोने' नावाचा लिंबाच्या मलईचा गोळा खाल्ला. तो १९७८ साली जवळच्या सोरेंतोमध्ये कार्मिने मार्त्सुइल्लो या मिठाईवाल्याने पहिल्यांदा केला. छान होता. पण माझं मन वरच्या भिंतीतच होतं.

आपल्याकडे दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालायला हजारो लोक जातात. मीही चार वेळा गेले. मसाई पठार, करपेवाडी, आंबेवाडी, सगळी वाट भातखाचरांच्या आणि नाचणीच्या तालींच्या मधून जाते. आणि आपण त्या तालींवर पाय देऊन, पाठपिशवीतला बिस्किटाचा पुडा खात, रिकामं प्लास्टिक टाकत पुढे जातो. त्या वाड्यांमध्ये नाचणीची भाकरी आहे, रानभाजी आहे, मे महिन्यात गेलात तर करवंदं आणि जांभळं आहेत. वाटेत एका आजीने मला ताक दिलं होतं. पैसे विचारले तर म्हणाली, "वाटसराकडनं कसलं पैसं घ्यायचं, बाई?" तिचा मोठेपणा खरा आहे. पण तिच्या घरामागची ताल त्या वर्षी फुटली होती, आणि ती बांधायला घरात माणूस नव्हता. मला वाटतं, तिचे पैसे आपण आग्रह करून द्यायला हवेत. दहा-पंधरा माणसांचा गट, वाडीतलाच वाटाड्या, तीन घरी तीन थांबे, आणि ठरलेला दर. मी गावातल्या दोन बचत गटांशी बोलले आहे. ज्यांना चालायचं आहे त्यांनी मागच्या टेबलावर नाव लिहून जावं.

त्याच टेबलावर दोन ताटं ठेवली आहेत. भुदरगडातल्या एका परसातली म्हाळुंगं मी आणली, सकाळी चकत्या केल्या. एका ताटात साखर लावलेल्या, एका ताटात मीठ-तिखट. गर्दी करू नका, सगळ्यांना पुरतील. आणि साल बाजूला काढू नका.