भोंगा घरात कशाला?

भोंगा म्हणलं की आपल्याला काय आठवतं, जत्रा, लिंबाच्या झाडाला बांधलेला पत्र्याचा कर्णा अन् त्यातून फाटून येणारा आवाज. पण तो कर्णा बनवलाय लांबवर बोलणं पोचायसाठी, खालचे सूर त्यातून निघतच नाहीत, अन् वरून त्याला ताकदीबाहेर वाजवतात, मग फाटणारच की. घरचा हॉर्न स्पीकर त्याच कुळातला, पण काम लई वेगळं.

रानात राखणीला बसलेला माणूस पलीकडच्या बांधाला हाक मारताना दोन्ही हात तोंडाला लावतो बगा, तसंच हे. साध्या स्पीकरचा कागदी कोन उघड्या हवेला ढकलतो अन् हवा पडली लई हलकी, कोनाला पकडच मिळत नाही, त्यामुळं बहुतेक घरगुती स्पीकरात विजेचा एक टक्कासुद्धा आवाजात उतरत नाही. हॉर्नमध्ये थरथरून आवाज काढणाऱ्या छोट्या पडद्यापुढं अरुंद गळा असतो, तिथं पडद्याला हवेची पकड मिळते, अन् गळा हळूहळू रुंदावत तोंडाशी येतो. एका वॅटला साधा स्पीकर एक मीटरवर 88 डेसिबल देत असेल अन् हॉर्न 104, तर हॉर्न एका वॅटमध्ये जे करतो त्याला साध्याला 40 वॅट लागतात, कारण डेसिबलात दर दहाला ताकद दहापट होते. बोलपटांच्या सुरुवातीला अँप्लिफायर थोड्याच वॅटचे होते तरी अख्खं थेटर भरायचं, ते याच्याच जोरावर.

आता कोणी म्हणेल, घरात एवढा आवाज कशाला पाहिजे? मला मोठा आवाज नकोच आहे हो! पडदा जेमतेम हलतो म्हणून आवाज स्वच्छ राहतो, अन् तबल्याची थाप अचानक आली तरी ती दबत नाही, मी रात्री घरचे झोपल्यावर अगदी हळू लावतो तरी थाप थापेसारखी येते, गवयाचा श्वास ऐकू येतो. दुसरं म्हणजे आपल्याकडं शहाबादी फरशी अन् उघड्या भिंती, खोली नुसती घुमते, हॉर्न आवाज समोर फेकतो, भिंतींवर कमी जातो, त्यामुळं शब्द कळतात.

खोट आहे, ती बी सांगतो. हॉर्नचा आकार चुकला की माणूस नाकातून बोलल्यासारखा वाटतो, मी असली जोडी वर्षभर सहन केलीय. अन् खर्ज. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब, तिला सरळ हॉर्न करायचा तर तोंडच दोन मीटरच्या वर जातं, मग माणसं राहणार कुठं? स्पीकर बनवणारे पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेत 1946 मध्ये क्लिप्शहॉर्न नावाचा स्पीकर आणला, हॉर्न पेटीत घडी घालून बसवला अन् खोलीच्या कोपऱ्यातल्या दोन भिंतीच हॉर्नचा पुढचा भाग केल्या. वाड्यातल्या जाड भिंतींचा कोपरा बघितला की मला तेच आठवतं. पातळ पार्टिशनला मात्र लावू नका, ते स्वतःच थरथरतं.

बरं, बोलणं लई झालं. ही जोडी समोर आहे, अँप्लिफायर आठ वॅटचा. मागचा पंखा बंद करा जरा, आधी हलगी लावतो, अन् आवाज कमीच ठेवतो.