बालगंधर्व आपणही पाहिलेले नाहीत

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि माझ्या खान्देशी बंधुभगिनींनो,

मला दिलेला विषय आपली संगीत परंपरा आणि पुढची पिढी असा आहे. अशा विषयावर माझ्या वयाच्या माणसाने काय बोलायचे हे साधारण ठरलेले असते, आणि तसे भाषण मी लिहूनही ठेवले होते. त्यात पुढच्या पिढीविषयी पुष्कळ काळजी व्यक्त केली होती. परंतु गेल्या महिन्यात आमच्या घरी जेवताना जो वाद झाला, त्यानंतर ते भाषण वाचून दाखवण्याचा धीर मला राहिलेला नाही.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि तिचा जन्म इथलाच आहे. तिच्या फोनवर कोणीतरी टाकलेले एक जुने नाट्यगीत आले. सोबत शालू नेसलेल्या, नथ घातलेल्या गायिकेचे छायाचित्र होते. ती गायिका म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस नावाचे गृहस्थ, म्हणजेच आपले बालगंधर्व आहेत, हे तिला नंतर वाचून कळले. मग ती आठवडाभर त्यांच्याच ध्वनिमुद्रिका ऐकत बसली. मला साहजिकच धन्य वाटले; आपण काही न करता मुलांवर संस्कार झाले की बापाला जो आनंद होतो, तो मी मनसोक्त उपभोगला. त्यानंतर एका रात्री तिने विचारले, ‘बाबा, तुम्ही लोक यांच्या नावाने नाट्यगृहे बांधता, मग मागच्या गणेशोत्सवात त्या मुलाला नऊवारी नेसून लावणी का करू दिली नाही?’

तो प्रसंग आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बैठकीला मी हजर नव्हतो, असे मी तिला सांगून पाहिले, पण त्याची तिने दखल घेतली नाही. मग मी इतिहासाचा आधार घेतला. त्या काळी घरंदाज स्त्रिया रंगभूमीवर येत नसत, म्हणून पुरुषांना स्त्रीभूमिका कराव्या लागत. भाऊराव कोल्हटकरांच्याही आधीपासून चालत आलेली ती गरज होती, असे मी सांगितले. यावर तिने शांतपणे विचारले, की पुढे हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया रंगभूमीवर आल्या तेव्हा गरज संपली होती, मग हे का थांबले नाहीत? 1935 साली ‘प्रभात’च्या बोलपटात ते एकनाथ झाले, म्हणजे पुरुषवेषात काम करण्याची संधी मिळाली होती, तरी पुढच्या बोलपटात ते मीराबाईच झाले. ‘त्यांना ते आवडत असेल, आणि लोकांनाही आवडत होते. यात लपवण्यासारखे काय आहे?’ अमळनेरहून आमच्याकडे आलेले माझे थोरले बंधू एवढ्यात ‘तुले काय कयस त्यामा?’ असे म्हणाले आणि ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. सौभाग्यवती मुलीच्या बाजूने होत्या, हे वेगळे सांगायला नको.

बालगंधर्वांच्या मनात काय होते हे मला माहीत नाही, आणि मुलीलाही माहीत नाही. त्यावर निकाल देण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. मला अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने. माझे बंधू ‘तुला काय कळते’ असे ज्या अधिकाराने म्हणाले, तो अधिकार आला कोठून? बालगंधर्व 1967 च्या जुलैमध्ये गेले. त्यांचा भराचा काळ त्याच्याही चार-पाच दशके आधीचा. या सभागृहात त्यांना शकुंतला, भामिनी किंवा रुक्मिणी म्हणून रंगमंचावर पाहिलेला एकही माणूस नाही. आपण जे सांगतो ते आजोबांनी वडिलांना सांगितलेले आणि वडिलांनी आपल्याला सांगितलेले. जळगाव आकाशवाणीवर सकाळी नाट्यगीत लागले की आमचे वडील दाढीचा ब्रश हातात धरून तसेच उभे राहत आणि आम्हाला गप्प बसवत. ती शांतता आम्ही पुढे आमच्या मुलांवर लादली. गाणे मात्र वडिलांनी रेडिओवर ऐकले, आम्ही कॅसेटवर ऐकले आणि माझ्या मुलीने फोनवर ऐकले. मुळात ते एकाच तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरचे गाणे आहे. तिच्यापेक्षा मी बालगंधर्वांच्या तसूभरही जवळ नाही. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर आज येतो तो चेहरा सुबोध भावे यांचा आणि कानात असतो तो आवाज आनंद भाटे यांचा, कारण 2011 चा चित्रपट आपण सहकुटुंब पाहिला आणि तबकडीतली खरखर ऐकायचा कंटाळा केला.

आपण मुलांना बालगंधर्वांच्या गोष्टी मात्र भरपूर दिल्या. लोकमान्यांची गोष्ट, अत्तराची गोष्ट, कर्जाची गोष्ट, आणि आपली सर्वांची लाडकी, ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाची, म्हणजे तान्ही मुलगी गेली त्याच दिवशी ते रंगमंचावर उभे राहिले ती. ती सांगताना माझा आवाज दर वेळी ठरलेल्या जागी कापतो, आणि तो तसा कापतो हे मला आवडते, हेही कबूल करतो. मुलीने ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारले, ‘त्या दिवशी त्या बाळाची आई कुठे होती?’ बालगंधर्वांच्या पत्नी लक्ष्मीबाई कोठे होत्या, त्यांनी काय केले, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही आणि मीही कोणाला विचारलेले नाही. आपल्या गोष्टीत त्या आईला जागाच नाही.

याउलट गाण्याविषयी ती जे बोलली, ते मी पन्नास वर्षे ऐकूनही बोललो नसतो. ती शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते. तिचे म्हणणे असे, की हा माणूस ठेक्याच्या जरा मागे रेंगाळतो, आता चुकणार असे वाटते, आणि नेमका समेवर हजर असतो. आणि एवढे करूनही एक शब्द मोडत नाही. मराठी अर्धवट येत असूनही तिला पदांचे शब्द कळले होते. मी तिला भास्करबुवा बखल्यांच्या चालींविषयी, थिरकवांच्या तबल्याविषयी आणि कादरबक्षांच्या सारंगीविषयी सांगितले, आणि या साथीदारांची नावे ऐकून ती वादापेक्षा अधिक रमली. लहानपणी नारायणरावांनी जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले, हे सांगितल्यावर तिने विचारले, ‘आपल्या जळगावात?’ इतकी वर्षे सुट्टीत तिला घेऊन जळगावला जातो, बालगंधर्व खुल्या नाट्यगृहावरून जातो, पण सांगायचे राहून गेले होते, कारण तेव्हा आम्ही शेवभाजी कोठे चांगली मिळते यावर बोलत असतो.

इथे मला मंडळाला थोडे रागवायचे आहे, आणि मी वर्गणी वेळेवर भरतो म्हणून तेवढा हक्क मला आहे असे मानतो. आपल्याकडे भरीत पार्टीची नोंदणी एका दिवसात संपते. हिरवी वांगी कोठून मागवायची यावर महिनाभर पत्रव्यवहार चालतो. संगीताच्या कार्यक्रमाला मात्र पहिल्या दोन रांगा रिकाम्या आणि मागे मुले फोनवर असतात, आणि आपण त्या मुलांना नावे ठेवतो. आपण त्यांना स्टेजवर बोलावतो ते पाठ केलेले पद म्हणायला. त्यांना ते पद कसे वाटले, हे विचारायला कोणी बोलावत नाही. विचारले तर ती जे बोलतील ते आपल्याला झेपेल का, अशी मला शंका आहे. मागच्या वर्षीच्या त्या मुलाचे आपल्याला झेपले नाही. त्या निर्णयामागे कोणाचा वाईट हेतू नव्हता, पाहुणे काय म्हणतील एवढीच चिंता होती, हे मी जाणतो. पण ज्या समाजातल्या बायकांनी एका पुरुषाचे पाहून दागिने घडवले आणि साडी नेसण्याची पद्धत उचलली, त्या समाजाला पाहुण्यांची एवढी भीती केव्हापासून वाटू लागली, याचा समितीने विचार करावा.

माझी काळजी वेगळी आहे. रात्रभर चाललेला प्रयोग, एकाच पदाला मिळालेले ‘वन्स मोअर’, प्रत्येक वेळी निराळे झालेले गाणे, यातले काहीही तबकडीवर मावले नाही. आपल्या वडिलांच्या पिढीत निदान ते ऐकलेली माणसे भेटत, आणि तबकडीत काय नाही हे ती सांगू शकत. आता तसे सांगणारे कोणी नाही. अलीकडे संगणकाने घडवलेला आवाज कोणत्याही गायकाच्या नावावर खपवता येतो. मुलीने मला असाच एक तुकडा ऐकवला आणि हसून म्हणाली, की हा श्वासच घेत नाही. तिला ते ओळखू आले, कारण खऱ्या तबकड्या तिने आधी ऐकल्या होत्या. तिचा धाकटा भाऊ आठ वर्षांचा आहे. त्याच्या कानावर आधी तो घडवलेला आवाजच पडला आणि तोच त्याला आवडला, तर खरा कोणता हे त्याला कोणत्या आधारावर सांगायचे, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. इथे कोणाजवळ असेल तर त्यांनी मला जेवताना गाठावे.