एडिसनचे चार राष्ट्राध्यक्ष

(दृश्य: सप्टेंबरची सकाळ. कोपऱ्यावर पिवळी स्कूल बस येऊन थांबते.)

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चार राष्ट्राध्यक्ष एकाच शिक्षण मंडळाच्या हाताखाली आहेत. जॉन ॲडम्स, थॉमस जेफरसन, वुड्रो विल्सन, हर्बर्ट हूवर. ही इथल्या चार सरकारी मिडल स्कूलची नावं. वर्ग सहावी ते आठवी. मंडळ एक, सुपरिंटेंडंट एक, परीक्षाही राज्याची एकच. तरी इथे घर बघायला निघालेल्या मराठी जोडप्याचा एजंटला पहिला प्रश्न ठरलेला: "नॉर्थ एडिसन आहे ना?"

कारण साधं आहे. शाळा पत्त्यावरून ठरते. उत्तरेकडच्या ॲडम्स आणि विल्सनमधली मुलं पुढे जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलला जातात, हूवर आणि जेफरसनमधली एडिसन हायस्कूलला. तेवढ्याच खोल्या, तेवढंच अंगण, पण हद्द ओलांडली की घराचा भाव बदलतो.

(दृश्य: ओक ट्री रोड. साड्यांची दुकानं, मिठाई, वरच्या मजल्यावर गणिताच्या क्लासची पाटी.)

१९५४ पर्यंत या गावाचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथलीच, म्हणून मग एडिसन. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख ७ हजारांवर गेली आणि त्यातले निम्म्याच्या आसपास लोक आशियाई वंशाचे. पण सगळं गाव म्हणजे ओक ट्री रोड नव्हे. रूट १ वर फोर्डचा मोटार कारखाना होता, तो २००४ मध्ये बंद पडला. गोदामांत पाळीवर जाणारे आहेत, भाड्याच्या घरात राहणारे आहेत, गेल्याच वर्षी या देशात आलेले आहेत. या सगळ्यांची मुलं याच चार शाळांत वाटली गेली आहेत, पण सारखी नाही.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. लॅपटॉप, चहाचे दोन कप, एक्सेलचा तक्ता.)

तुलना करायला बसलं की हाती येतो राज्याच्या शिक्षण खात्याचा शाळानिहाय अहवाल. दरवर्षी निघतो, कुणालाही बघता येतो. परीक्षेचे गुण ६५० ते ८५० या पट्टीवर असतात आणि ७५० म्हणजे इयत्तेची अपेक्षा पूर्ण. आपल्याकडच्या माणसाला टक्केवारी दिसली की बरं वाटतं. नेमकी इथेच फसगत होते, तीही आठवीच्या गणितात.

जी मुलं आठवीत अल्जेब्रा वन, म्हणजे हायस्कूलच्या पातळीचं बीजगणित, घेतात, ती राज्याची आठवीच्या गणिताची परीक्षा देतच नाहीत. अल्जेब्राची देतात. म्हणजे "आठवी गणित" या ओळीत उरतात ती अल्जेब्राला न गेलेली मुलं. समजा, एका शाळेत आठवीत १०० मुलं आहेत. ६० अल्जेब्राला गेली, त्यातली ५५ उत्तीर्ण. उरलेल्या ४० पैकी १०. आठवी गणिताच्या ओळीत छापून येणार २५ टक्के. दुसऱ्या शाळेतही १००. अल्जेब्राला २०, उत्तीर्ण १९. उरलेल्या ८० पैकी ३६. ओळीत ४५ टक्के. तक्ता करणारा दुसरी शाळा निवडून मोकळा होतो. प्रत्यक्षात पहिल्या शाळेत ६५ मुलं उत्तीर्ण, दुसऱ्या शाळेत ५५.

आणि अल्जेब्राला जातं कोण? ही वाट आठवीत सुरू होत नाही, दोन-तीन वर्षं आधीच लागते. ज्या घरात पाचवीपासून शनिवार सकाळ क्लासची असते, त्या घरातलं मूल तिथे सहज पोचतं. तेव्हा शाळेच्या गुणांत क्लासची फीसुद्धा मिसळलेली असते. ती वेगळी काढून दाखवणारा रकाना अहवालात नाही.

त्यातल्या त्यात मला भरवशाचा वाटतो तो प्रगतीचा आकडा. राज्यभरात आधी साधारण तेवढेच गुण असलेल्या मुलांशी तुलना करून, या वर्षी हे मूल किती पुढे सरकलं ते १ ते ९९ मध्ये मांडतात. हुशार मुलं आधीच गोळा झालेल्या शाळेला इथे आयतं काही मिळत नाही. घर विकणारा एजंट हा आकडा सांगताना मी तरी ऐकलेला नाही.

हजेरीचंही असंच. वर्षाच्या १० टक्के दिवस चुकले की मूल "सततचं गैरहजर" ठरतं. शाळा १८० दिवसांची, म्हणजे १८ दिवस. डिसेंबरात पुण्याला चुलत बहिणीचं लग्न, तिकिटं स्वस्त पडावीत म्हणून दोन आठवडे आधी निघायचं, जानेवारीत आठवडाभर उशिरा परतायचं, आणि फेब्रुवारीत ताप. झाले की १८! कुणा आजारी आईला सांभाळायला घरी थांबलेलं मूल आणि आपलं हे वऱ्हाडी मूल, दोघंही एकाच रकान्यात.

(दृश्य: ऑगस्टची संध्याकाळ. घराच्या पायरीवर मुलगी, हातात आकड्यांचं कुलूप.)

सहावीत जाणाऱ्या मुलीला यातलं काहीही विचारा, ती खांदे उडवेल. तिची काळजी लॉकरची. प्राथमिक शाळेत वर्ग एकच होता, आता दर तासाला खोली बदलणार. मधल्या काही मिनिटांत लॉकर उघडून वह्या घ्यायच्या. उजवीकडे फिरवत पहिला आकडा, डावीकडे एक अख्खा फेरा ओलांडून दुसरा, पुन्हा उजवीकडे तिसरा. एक रेघ चुकली की पहिल्यापासून. सरावाला कुलूप आणलंय, बाबा मोबाइलवर वेळ लावून शेजारी बसलाय.

"बाबा, तू बघू नकोस ना. तू बघितलंस की चुकतं."