झडप बदलल्यानंतर घरातले दिवस

आज या सभागृहात रुग्णांपेक्षा त्यांना घरी घेऊन जाणारी मंडळी अधिक आहेत, म्हणून मी मुख्यतः तुमच्याशीच बोलणार आहे. हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया काही तासांत पार पडते. त्या झडपेची काळजी मात्र घराला वर्षानुवर्षे घ्यावी लागते.

आपल्याकडे तरुण वयात, विशेषतः स्त्रियांवर, ही शस्त्रक्रिया होण्याचे एक मोठे कारण म्हणजे लहानपणी येऊन गेलेला संधिवाताचा ताप. घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, सगळे बरेही होते. पण हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल नावाची झडप हळूहळू आकसत जाते. वय कमी असल्यामुळे अशा रुग्णांना बऱ्याचदा दीर्घकाळ टिकणारी यांत्रिक झडप बसवतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेली आणि १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवलेली चित्रा झडप अशीच आहे, आणि तिच्या कमी किमतीमुळे कितीतरी सामान्य कुटुंबांना ही शस्त्रक्रिया परवडली, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

पहिले तीन महिने छातीच्या हाडाचे असतात. ते मधोमध कापून तारेने बांधलेले असते आणि सांधायला ६ ते ८ आठवडे तरी लागतात. म्हणून पाण्याची कळशी, गॅसचे सिलिंडर किंवा कडेवर झेपावणारे मूल यांपैकी काहीही उचलायचे नाही. दुचाकी चालवायची नाही. खाटेवरून उठताना हातांवर जोर देऊन सरळ उठू नये; आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि मग उठून बसावे. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरावी. मात्र नुसते पडून राहणेही चुकीचे आहे. घरातल्या घरात आणि मग अंगणात, रोज थोडे वाढवत, चाललेच पाहिजे. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करून लिहून ठेवावे. एक-दोन दिवसांत ते किलो-दीड किलोने वाढले, पाय सुजले किंवा आडवे पडल्यावर दम लागू लागला, तर पुढच्या तपासणीची तारीख येण्याची वाट पाहू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती नेमकी किती लागते हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीने कळते. निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो; मायट्रलच्या यांत्रिक झडपेसाठी तो साधारणपणे २.५ ते ३.५ या दरम्यान ठेवतात. खाली गेला तर झडप अडकण्याचा किंवा पक्षाघाताचा धोका, फार वर गेला तर रक्तस्रावाचा. धोका सर्वांत जास्त केव्हा, तर रुग्णाला अगदी बरे वाटू लागते तेव्हा. कारण त्याच सुमारास तपासणीच्या तारखा चुकू लागतात आणि गोळी संपली तरी बाजाराच्या दिवसापर्यंत चालवून घेतले जाते. गोळी संध्याकाळी ठरावीक वेळी घ्यावी, म्हणजे सकाळच्या तपासणीनुसार त्याच दिवशी मात्रा बदलता येते. एखादे दिवशी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

मेथी, पालक खायचेच नाही, असे पुष्कळ घरांत ठरवून टाकतात. त्याची गरज नाही. पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो हे खरे, पण आठवड्याला जेवढी भाजी पोटात जाते तेवढी नियमाने जात राहिली, तर डॉक्टर त्या हिशेबाने गोळी बसवतात. घोळ होतो तो एकदम बदल केल्याने. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास धरले, जुलाब झाले किंवा जेवणच तुटले, की आकडा झपाट्याने वर जाऊ शकतो. अंगदुखीवर दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी, अनेक प्रतिजैविके, घरगुती काढे, यांतले काहीही विचारल्याशिवाय घेऊ नये.

ताप आला तरीही हेच. कृत्रिम झडपेला जंतुसंसर्ग झाला तर तो जिवावर बेततो, आणि तो ओळखण्यासाठी प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तात कोणते जंतू आहेत ते शोधणारी तपासणी, करावी लागते. गल्लीतल्या दवाखान्यात आधीच औषध घेतले तर जंतू सापडत नाहीत. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना झडपेविषयी सांगावे, कारण त्याआधी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते. संधिवाताचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी चालू असलेले पेनिसिलिनही झडप बदलली म्हणून थांबवायचे नसते. उरलेल्या झडपा अजून जपायच्या आहेत. फक्त रक्त पातळ असताना ते सुईने द्यायचे की गोळीने, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक कळकळीची विनंती. मुलीचे लग्न ठरवताना शस्त्रक्रिया लपवू नका. सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागल्या, तर त्या चुकणारच. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या या गोळीने गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, अपाय होऊ शकतो, आणि ती अचानक सोडली तर आईचाच जीव धोक्यात येतो. म्हणून मूल हवे असेल तर दिवस राहण्याआधीच नवरा-बायकोने मिळून हृदयरोगतज्ज्ञांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. आणि अनपेक्षितपणे पाळी चुकली, तर गोळी आपल्या मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.