बस्ता, मॉल आणि बसायची जागा

बसलात का सगळे? मागे दाराशी तिघी उभ्या आहेत, त्यांना आधी खुर्च्या द्या. मी थांबते.

हं. आता बोलते. पत्रिकेत विषय 'मॉल आणि आपला बाजार' असा छापलाय. माझ्या मनात मात्र त्याचं नाव 'बाजारात बसायचं कुठं' असं आहे. अमळनेरच्या ह्या वाचनालयात मी शाळेत असल्यापासून येतेय, इथं बाक होता म्हणून तासन् तास वाचलं. तेव्हा हे बोलायला ह्याहून बरी जागा मला सापडणार नाही.

मागच्या हिवाळ्यात तीन महिने लेकीकडे मिशिगनला होते. जावई मोटारींच्या कंपनीत आहेत, डेट्रॉईटच्या उत्तरेला घर. बाहेर गुडघाभर बर्फ. आणि माझे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत; डॉक्टरांनी सांगितलेलं, रोज चालायचं, एक दिवस चुकवायचा नाही. चालू कुठं? लेक म्हणाली, "आई, मॉलमध्ये जा." मी म्हटलं, मला काही घ्यायचं नाही. ती म्हणाली, "घ्यायला कोण सांगतंय? चालायला जा."

ऑबर्न हिल्स नावाच्या गावात 'ग्रेट लेक्स क्रॉसिंग' म्हणून आउटलेट मॉल आहे, 1998 साली उघडलेला. सगळा एका छताखाली आणि एकाच मजल्यावर. जिना नाही, चढ नाही. आतला रस्ता असा गोल काढलाय की चालत राहिलं तर जिथून निघालो तिथंच परत येतो. पावणेदोनशेच्या वर दुकानं, पंचवीस पडद्यांचं थिएटर, मत्स्यालय, मुलांसाठी लेगोचं खेळघर, आणि जेवणाचा एवढा मोठा चौक की आपल्याकडची एक पंगत तिथं सहज उठेल. पहिल्या दिवशी नातवाला टोपी घेतली. चिठ्ठीवर दहा डॉलर, मी दहाची नोट दिली. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, अजून साठ सेंट. मिशिगनमध्ये सहा टक्के विक्रीकर आहे आणि तो चिठ्ठीवर धरलेला नसतो. आपल्याकडे छापील किमतीत सगळं आलेलं असतं. ही आपली पद्धत मला जास्त सरळ वाटते.

तर चालणं. तिथं मी एकटी नव्हते. पांढऱ्या केसांच्या बायका, काठी घेतलेले आजोबा, हृदयाचं ऑपरेशन झालेले लोक, असे कितीतरी जण मॉलमध्ये फेऱ्या मारतात. अमेरिकेत ही जुनी रीत आहे. त्यांच्या रोगनियंत्रण केंद्रानं 2015 साली मॉलमध्ये चालण्यावर एक मार्गदर्शिकाच काढली. कारण साधं आहे: ऊन-थंडी लागत नाही, जमीन सपाट, वाहन अंगावर येत नाही, थोड्या थोड्या अंतरावर बाक, आणि जवळच स्वच्छतागृह.

त्यातला बाक मी नीट बघितला. वितीनं मोजला. बैठक जमिनीपासून माझ्या दोन विती आणि चार बोटं उंच. पाठ थोडी मागे कललेली. आणि दोन्ही बाजूंना हात. हे हात शोभेचे नाहीत बरं का. ज्याचे गुडघे गेलेत त्याला बसता येतं, पंचाईत होते ती उठताना. हाताच्या दांड्यावर तळवा टेकवून जोर दिला की माणूस आपला आपण उठतो, कुणाला "जरा धर रे बाबा" म्हणावं लागत नाही. ज्या कुणी तो बाक घडवला त्यानं म्हातारं माणूस जवळून पाहिलेलं आहे.

आता हे 'आउटलेट' म्हणजे काय, ते सांगून टाकते, कारण आपल्या अमळनेरला ते नवं नाही. माझ्या वडिलांचे सदरे इथल्याच प्रताप मिलच्या कापडाचे. ताग्याच्या शेवटचा तुकडा, कुठं धागा तुटलेला, कुठं रंग कमीजास्त चढलेला, असला कटपीस स्वस्तात मिळायचा आणि माझी आई तो डाग बरोबर बगलेत घालून शिवायची. आउटलेटचा जन्म तसाच. पेनसिल्व्हेनियात रेडिंग गावाजवळ मोजे विणायची प्रचंड मोठी गिरणी होती; 1970 साली त्या गिरणीच्याच आवारात उरलेला, किंचित दोष असलेला माल विकायला दुकान मांडलं. कारखान्याचा माल मधल्या दलालाशिवाय बाहेर पडायची वाट, म्हणून आउटलेट. पुढे त्याचा धंदा वाढला, आणि आता कित्येक कंपन्या आउटलेटसाठी वेगळाच, हलका माल मुद्दाम बनवतात. चिठ्ठीवरची खोडलेली मोठी किंमत त्या वस्तूला कधी लागलेलीच नसते. 2014 साली तिथल्या काही खासदारांनी ह्याबद्दल व्यापार आयोगाला पत्रसुद्धा लिहिलं होतं. तेव्हा तुमची मुलं तिकडून 'सत्तर टक्के सूट' म्हणून काही आणतील तर शिवण उलटून बघा. आपल्या कटपीसचा दोष तरी खरा होता.

ह्या दोन मुलखांचं नातं कापसापासूनचं आहे. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावची पेठ त्या पैशावर वाढली, मग तिथं मिल आली. आज त्या खान्देश मिलच्या जागेवर 'खान्देश सेंट्रल' आहे. कापूस, कापड आणि मॉल, तिन्ही एका जमिनीवर. भूगोल शिकवताना मला असा धडा कधी पुस्तकात मिळाला नाही.

असो. आता मुद्द्याचं. त्यासाठी मला 1979 सालात जावं लागेल. माझ्या लग्नाचा बस्ता.

पारोळा तालुक्यातलं आमचं गाव. पहाटेच्या एसटीनं आम्ही अकरा जण धुळ्याला निघालो. आग्रा रोडवर कापडाचं मोठं दुकान, नाव सांगत नाही. पायऱ्या चढून आत गेलं की पांढरीशुभ्र गादी, लोड, तक्के. चपला काढून सगळे बसलो. बस्त्यात बसायला मिळतं, हे खरं. घेणाऱ्याला बसवायची रीत आपल्याकडे होतीच. नोकर लुगड्यांच्या घड्या अशा फेकायचा की पदर बरोबर आईच्या पुढ्यात येऊन उलगडायचा. हिरवी, मोरपंखी, अंजिरी. नवरीच्या पाच, विहिणीचा मान, आत्यांचे आहेर, करवल्यांचे परकर, हिशेब काकांच्या हातात. चहा आला. आईनं आपला कप माझ्याकडे सरकवला. थोड्या वेळानं पाणी आलं, तिनं ओठाला लावून खाली ठेवलं. मला तेव्हा कळलं नाही. माझी सगळी नजर त्या अंजिरी लुगड्यावर.

दुपारी तीनच्या सुमाराला आई माझ्या कानाशी आली. मी गुमास्त्याला हळूच विचारलं. तो म्हणाला, मागे आहे, पण ते मालकांच्या घरचं, कुलूप असतं. मी म्हटलं, किल्ली? तो घडी घालायला लागला. आम्ही त्या दिवशी त्या दुकानात काही हजारांची खरेदी केली मंडळी, 1979 चे हजार, एक एकराचा कापूस त्यात गेला. आणि किल्ली मिळाली नाही.

आई, मावशी आणि मी, तिघी बाहेर पडलो. आग्रा रोडवर पुरुषांची मुतारी होती, ती वासानंच कळायची. बायकांचं काही नाही. एका दुकानाच्या पायरीवर आई क्षणभर टेकली, तर आतून आवाज आला, "बाई, गिऱ्हाइकाची वाट सोडा." मग आम्ही पांझरेकडे गेलो. नदीत बाभळी असतील, आडोसा असेल. भर दुपार, पात्रात माणसं, धुणारे, ट्रक धुणारे. तिथून तशाच परत फिरलो. आई काही बोलली नाही. संध्याकाळी एसटी स्टँडवर गाठोड्याला टेकून बसली तेव्हा तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. घरी पोचलो रात्री नऊला.

चौथ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. डॉक्टर म्हणाले, लघवीचा संसर्ग, दिवसदिवस पाणी न पिता अडवून धरता, दुसरं काय होणार. माझ्या हळदीला माझी आई खाटेवर होती. मी हळद लावायला तिच्यापाशी जाऊन बसले तेव्हा ती म्हणाली, "बाजार मानसेसना शे व माय." बाजार माणसांचा आहे गं. आमच्या अहिराणीत माणूस म्हणजे पुरुष, हे इथं सांगायला नको. तिनं ते रागानंही म्हटलं नाही. पाऊस मृगाचा असतो म्हणावं, तसं म्हटलं. तो तिचा सूर मी सेहेचाळीस वर्षं ऐकतेय.

आणि त्या ऑबर्न हिल्सच्या बाकावर, दांड्यावर हात ठेवून बसलेली असताना, मला एकदम रडू आलं. लेक घाबरली. मी तिला म्हटलं, तुझ्या आजीला इथं आणायला हवं होतं. चार दुकानं फिरली असती, पोटभर पाणी प्यायली असती आणि म्हणाली असती, "आठे बठाले जागा शे व माय!"

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. सांगायचं ते तर अजून पुढंच आहे. भरभर सांगते.

मॉल ज्यानं जन्माला घातला तो व्हिक्टर ग्रुएन, जन्म व्हिएन्नाचा, 1903 चा. हिटलर आला तसा 1938 साली अमेरिकेत पळून गेला. 1954 साली डेट्रॉईटजवळ नॉर्थलँड, आणि 1956 साली मिनियापोलिसजवळ साउथडेल, सगळं बंदिस्त, आत बाग, पक्ष्यांचा उंच पिंजरा. त्याच्या डोळ्यांपुढं व्हिएन्नाचे चौक होते: लोक येतील, बसतील, भेटतील. पुढे मालकांनी नफ्याचं तेवढं उचललं, भोवती गाड्यांची मैदानं केली, आणि म्हातारपणी ग्रुएननं ह्या मॉलशी नातं तोडलं. नॉर्थलँड 2015 साली बंद पडलं. तेव्हा मी तुम्हाला अमळनेरला मॉल बांधा असं मुळीच सांगत नाही. मॉल खाजगी असतो, बाक मालकाचा, उठ म्हटलं की उठावं लागतं. आपला बाजाररस्ता सगळ्यांचा आहे. मॉलमधून घ्यायचा तो बाक आणि ती किल्ली.

कायदा आपल्या बाजूनं आहे. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात कलम 49 खाली नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्यं दिलीत, त्यात सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या आहेत. मुंबईत 2011 पासून बायकांनी ह्याच हक्कासाठी मोहीम चालवली, सह्या गोळा केल्या, पालिकेचे जिने झिजवले. आपण एकदा तरी अर्ज दिलाय का?

दुसरं, बांधून भागत नाही. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी बायकांचं स्वच्छतागृह बांधलेलं आहे आणि त्याला कुलूप आहे. तिथं एक बाई पगारावर हवी, पाणी हवं, दिवा हवा, आतून कडी हवी. एवढं असलं तरच बाई आत पाऊल टाकते.

तिसरं, दुकानदारांसाठी. बसलेलं गिऱ्हाईक जास्त वेळ थांबतं आणि थांबलेलं गिऱ्हाईक घेतं, एवढं गणित तर गादीवर लोड ठेवणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना अमेरिकेच्या आधीपासून येतं. ते गादीवरून रस्त्यावर आणा. यात्रेत, सखाराम महाराजांच्या उत्सवात बोरी नदीच्या काठी एवढी माणसं येतात, त्यातली निम्मी म्हातारी. दर पन्नास पावलांवर एक बाक, हात असलेला. दगडी ओटा नको, त्यावरून उठता येत नाही.

वेळ संपली, हो, बघतेय. प्रश्न बाहेर चहापाशी विचारा. येत्या रविवारी सकाळी आठला मी भाजीबाजाराच्या तोंडाशी वही घेऊन उभी असेन. कुठं बाक बसेल, कुठं सावली आहे, कुठल्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, हे सगळं लिहून काढायचंय. ज्यांना यायचंय त्यांनी या. मोजायची टेप कुणीतरी आणा, माझ्याकडे नुसती वीत आहे.