लसणाचं बियाणं आणि धुरी

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

लसणाला बी धरत नाही. पुढच्या वर्षी लावायच्या त्या यंदाच्याच गड्ड्यातल्या पाकळ्या. आपण लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतो, फेब्रुवारी-मार्चात काढतो. म्हणजे बियाणं सात-आठ महिने सांभाळायचं, आणि मध्ये अख्खा पावसाळा. हवा दमट झाली की काळी बुरशी धरते, मुळं सुटतात, कोंब येतात.

जुन्या घरांत ही राखण चूल करायची. पातीसकट वेण्या घालून लसूण चुलीवरच्या आढ्याला टांगलेला असे. साल काळपट व्हायची, हाताला काजळी लागायची. पण सोललं की आतली पाकळी पांढरी आणि घट्ट. ऊब सालीतला दमटपणा काढून घेते, तर लाकडाच्या धुरातली फिनॉलं आणि आम्लं सालीवर बसून बुरशीला रुजू देत नाहीत. इंडोनेशियातले शेतकरीसुद्धा छोट्या कांद्याच्या बियाण्याच्या जुड्या अशाच चुलीवर टांगत आले आहेत.

आता घरोघरी गॅस आला, आणि ते फार चांगलं झालं. त्या धुरानं आपल्या आया-आज्यांचे डोळे आणि छाती जाळली आहे. बियाण्यासाठी स्वयंपाकघरात पुन्हा धूर कोंडा, असं मी कधीही सांगणार नाही. पण चुलीबरोबर बियाणं राखायची जागाही गेली, ती गोठ्याशेजारी, घरापासून लांब एखाद्या पत्र्याच्या खोपटात परत करता येते.

लसूण आधी सावलीत चांगला सुकवा. मग जुड्या बांबूला टांगा, एकमेकींना खेटू देऊ नका. खाली घमेल्यात बाभळीची किंवा आंब्याची वाळकी लाकडं, नारळाच्या करवंट्या, थोडा वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून राखेखाली धुमसत ठेवा. जाळ नको. ओलं सरपण तर नकोच, त्याची वाफच गड्ड्यांवर बसते. प्लॅस्टिक, टायर, रंग दिलेलं लाकूड चुकूनही घालू नका. सगळ्यात खालच्या गड्ड्याला हात लावून पाहा: कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर जुड्या वर घ्या, नाहीतर पाकळी शिजून मरते. झडीच्या दिवसांत धुरी द्या, ऊन पडलं की खोपट उघडं ठेवा. विस्तवाजवळ कुणीतरी असू द्या, पण खोपटाच्या बाहेर.

धूर सालीवरचं सांभाळतो. पाकळीच्या आत शिरलेला रोग त्यानं जात नाही. म्हणून लावणीला गड्डे फोडताना मऊ, पिवळट, डागाळलेल्या पाकळ्या बाजूला काढा आणि बाहेरच्या कड्यातल्या ठसठशीत पाकळ्याच वाफ्यात लावा.